न बुडणारा पोशाख

तीर्थस्वरूप दादास (वयाने मोठा आहेस म्हणून लिहिलं, एरवी तुझ्यात तीर्थासारखं काही नाही हे तुलाही ठाऊक आहे),

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण सध्या कमरेला शिशाचे ठोकळे बांधून घरात चालायचा सराव चालू आहे. एकदा आडवी झाले की उठवायला माणूस लागतो. तेव्हा उभ्याउभ्याच नमस्कार. तुझी पाठ कशी आहे, वहिनीचा खोकला गेला का, पिल्लाचे पुढचे दात आले का, सगळं सविस्तर कळव. (दात उशिरा येत असतील तर घाबरू नका. इतकी वर्षं कवळ्या बनवल्यात मी, उशिरा येणारे दात जास्त टिकतात असं माझं मत आहे. मत म्हणजे मतच, डॉक्टरांना विचारा.) बाबा ठणठणीत आहेत. त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे, पण ते ओघाने येईल.

तर कवळ्यांच्या कारखान्यातली नोकरी मी सोडली, हे तुला फोनवर सांगितलंच होतं. तेव्हा तू "बरं" एवढंच म्हणालास आणि फोन वहिनीकडे दिलास. आता पुढचं ऐक. मी स्कूबा डायव्हिंगचा व्यावसायिक कोर्स करणार आहे. म्हणजे हौशी लोकांना धरून पाण्याखाली न्यायचं, मासे दाखवायचे आणि मोजून तितकेच लोक वर आणायचे, हे काम. कोर्स सहा महिन्यांचा, समुद्रावर, विमानाने जावं लागतं इतका लांब. प्रवेश मिळाला आहे, पण अट अशी की सामान ज्याचं त्याने आणायचं आणि निघण्याआधी इथल्या तरणतलावात, स्वतःच्या सामानासकट, बाईंची परीक्षा पास व्हायचं. बाई म्हणजे आमच्या शिक्षिका. बोलतात कमी, शिट्टी जास्त वाजवतात.

सामानाच्या दुकानात गेले तर दुकानदार मला बघून इतका खूश झाला की मला आपण त्याच्या नात्यात आहोत की काय असं वाटायला लागलं. त्याने माझ्यापुढे सुरी, तीन तऱ्हेचे टॉर्च, पाण्याखाली लिहायची पाटी आणि शार्कला पळवून लावायचं एक यंत्र मांडलं. मी विचारलं, याने शार्क नक्की पळतो का, तर म्हणाला, आजवर एकही तक्रार आलेली नाही. मी ते यंत्र खाली ठेवलं. बाईंनी बजावून पाठवलं होतं की टाकी आणि शिसं तिकडे मिळतं, ते विमानातून ओढत न्यायचा वेडेपणा करू नकोस; हवा भरायचं जाकीट घडी होणारं, हलकं घे; पायात घालायचे वल्ह्यासारखे फिन आखूड घे, बॅगेत आडवे बसतील असे; आणि श्वास घ्यायच्या यंत्रात काटकसर नको, कारण श्वासात काटकसर करता येत नाही. म्हणून ते यंत्र मी नवं घेतलं. (त्याचा दातांत धरायचा तुकडा इतका गावठी घडवलाय की मला राहवलं नाही. घरी आणून माझ्या जबड्याचा साचा काढला आणि नवा बनवला. आता वर्गातले सगळे आपापले जबडे उघडून माझ्यामागे फिरतात.) मास्क मात्र जुना मिळाला, पण झकास. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा आणि नाकाने श्वास ओढायचा, चिकटून राहिला तर तो आपला. माझा असा चिकटला की निघेना. तसाच घालून बसमध्ये बसले. कंडक्टरने तिकीट दिलं आणि सुटे पैसे न मागता पुढे सरकला, हे आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

राहिला पोशाख. अंगाला घट्ट बसणारा रबरी, गारठ्यासाठी असतो तो. तोपर्यंत माझी पुंजी तळाला गेली होती आणि मी तसं जेवताना बोलून बसले. झालं. बाबांनी हात धुतले आणि टेप गळ्यात घातली. तुला माहीत आहे, शिलाईचं दुकान बंद केल्यापासून त्यांच्या गळ्यात टेप आली की घरात कोणाची छाती नाही नको म्हणायची. म्हणाले, कापड आणि चेन, दुसरं काय असतं त्यात? रेनकोटवाल्या मित्राकडून ताणणारं रबरी कापड आणलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. आठवडाभर आतून मशीनचा आवाज. त्याच दिवसांत माझी व्यायामाची निळी फोमची चटई गायब झाली, पण मी काही दोन आणि दोन चार केले नाहीत.

पोशाख तयार झाला. चेन अडकते म्हणून पुढून बटणं. रुमालासाठी खिसा. पुढेमागे अंग भरलं तर उसवून सैल करता यावा म्हणून शिवणीत भरपूर कापड आत मुडपलेलं, आणि सगळा कसा ऐसपैस, हवा खेळती राहील असा. मी म्हटलं, बाबा, हा घट्ट हवा. तर म्हणाले, घट्ट कपडे घालून माणूस आजारी पडतो. शिवाय तो इतका गुबगुबीत का, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

परीक्षेच्या दिवशी बाकीचे सगळे तळाशी जाऊन शहाण्यासारखे गुडघ्यांवर बसले. मी मात्र वर. जाकिटातली हवा काढली, तरी वर. बाईंनी शिसं वाढवलं, मग आणखी वाढवलं, मग तलावावर होतं नव्हतं तेवढं सगळं माझ्या कमरेला बांधलं. डोकं कसंबसं खाली गेलं तर पाय वर आले. दोघांनी पाय ओढले तर तेच माझ्याबरोबर वर आले. शेवटी बाई स्वतः माझ्या खांद्यांवर बसल्या, आणि दादा, खोटं सांगत नाही, आम्ही दोघी संथपणे तलावभर तरंगत फिरलो. बाईंची शिट्टी तोंडातच होती, पण वाजवायचं भान त्यांना उरलं नाही. एवढ्यात काखेतली शिवण उसवली आणि आतून निळ्या पट्ट्या एकामागून एक बाहेर यायला लागल्या. माझी चटई. बाबांनी तिच्या पट्ट्या कापून अख्ख्या अस्तरात शिवल्या होत्या. मी आधी गुदमरले, मग हसत सुटले, आणि बाईंना इतकं हसताना वर्गाने पहिल्यांदाच पाहिलं.

घरी येऊन ओल्या पट्ट्या बाबांच्या पुढ्यात ठेवल्या. ते शांतपणे म्हणाले, "बुडू नयेस म्हणून लावल्या." मी म्हटलं, अहो बाबा, खाली जायचीच तर परीक्षा होती. तर म्हणाले, खाली कोणीही जातं, त्याची कसली परीक्षा. मग मशीनचं चाक उगाच फिरवत राहिले आणि जरा वेळाने विचारलं, "तिथे खाली असताना वरून हाक मारली तर ऐकू येते का?" मी म्हटलं, नाही येत. ते म्हणाले, "मग." एवढंच. मला भांडायचं होतं रे, चांगली तयारी करून आले होते, पण रडूच आलं.

बाईंनी त्यांचा जुना पोशाख दिला आणि दुसऱ्यांदा परीक्षा घेतली. (तो अंगात चढवायला अर्धा तास आणि शेजारच्या काकू लागतात, पण बसतो अगदी चामडीसारखा.) पास झाले. तळाशी बसले होते तेव्हा इतकं शांत वाटलं की काय सांगू. पुढच्या महिन्यात निघायचं. सगळं सामान एका बॅगेत बसलं. बाकी इकडे सर्व क्षेम. वहिनीला नमस्कार, पिल्लाला पापा.

तुझी,
धाकटी

ता. क. खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहिलं. मी नसेन तेव्हा सहा महिने बाबांना तुझ्याकडे ने. इथे एकटे राहिले तर रोज समुद्राच्या बातम्या बघत बसतील. सरळ बोलावलंस तर यायचे नाहीत. वहिनीला पडदे शिवून हवेत असं काहीतरी कळव. त्यांना एकटं सोडून माझा पाय निघणार नाही, आणि आता नाही गेले तर पुन्हा कधीच जाणार नाही.

ता. क. २ पत्र बाबा टाकणार आहेत. ते कोणाचं वाचत नाहीत, म्हणून निर्धास्त लिहिलंय.

चि. दादा, अनेक आशीर्वाद. पाकीट उघडं होतं. पडद्यांची थाप मारू नकोस, मी येत नाही. सोमवारपासून तिच्याच बाईंकडे पोहायला जातो आहे, लहान मुलांच्या वर्गात. पाण्यात डोकं घालून काय दिसतं ते एकदा बघतो, म्हणजे तिला निरोप देता येईल. हे तिला कळवू नकोस. मी पाण्यात उतरतो म्हटलं तर काळजीने ती जायचीच नाही.
— बाबा