राह्यलेला पत्ता

नांदुरा

वहिनी,

दादासोबत फारकत झाल्यावर तुमाले काय म्हनावं, मले समजत नाई. हे पत्र टाकनारच नाई मी, म्हनून वहिनीच म्हनतो.

काल खामगावले माह्या त्या ड्रॅगनवाल्या पत्त्यांची स्पर्धा होती. फायनलले समोर मलकापूरचा एक बँकवाला होता. तो हरूनच राह्यला होता. त्याच्या ड्रॅगनमुळं त्याले एक जास्तीचा पत्ता भेटत होता, पन घाबरून तो उचलाचंच विसरला. आठवन देनं माहं काम नव्हतं. पन मले तुमी दिसल्या, कनकेचे हात पुसून पत्ते धरनाऱ्या. मले एक डाव फुकट जिंकू देला नाई तुमी, पन माहा पत्ता राह्यला की म्हनत, "भाऊजी, पत्ता उचला आंधी. मंग हरवीन तुमाले."

मी सांगतलं. त्यानं पत्ता उचलला अन् त्याच पत्त्यानं मले हरवलं.

घरी दादा भडकला. "येडा हायेस का बे? काऊन सांगतलं त्याले?"

घरात तुमचं नाव कोनी घेत नाई. म्हनलं, "सवय हाय."

दादाचा घास हातातच राह्यला. "तिची सवय हाय ते," म्हने.

जेवन झाल्यावर दादा माह्यासमोर, पत्ते खेळाच्या तुमच्या जागेवर येऊन बसला. "मले शिकव."

शिकवलं. पहिल्याच डावात त्याचा पत्ता उचलाचा राह्यला. मले दिसलं, तुमचं ते वाक्य ओठावर आलं.

त्याले मी नाई सांगतलं, वहिनी.

तुमचा भाऊजी,
अश्वजित