पटलेबाईंची पोस्टाने आलेली पदवी

तिरोडा, मंगळवार, १२ मार्च १९५७

शाळासमितीचे चिटणीस बोरकर यांनी गेल्या सभेचे इतिवृत्त पाठविले. त्यातील दोन विधाने असत्य आहेत. पहिले, "सभा दि. १० रोजी झाली." सभा शनिवारी, दि. ९ रोजी झाली, दि. १० रोजी बोरकर दिवसभर आपल्या भातगिरणीचा पट्टा शिवीत बसले होते, हे मी येता-जाता पाहिले. दुसरे अधिक गंभीर: "गुरुजींच्या शिफारशीवरून श्रीमती पटले यांची पदवी मान्य करण्यात आली." मी शिफारस केलेली नाही. माझे शब्द होते, "कागद पाहू." दुरुस्तीसाठी इतिवृत्त परत धाडले.

प्रश्न असा. मुलींच्या शाळेला पाचवी जोडावयाची, त्यासाठी पदवीधर मुख्याध्यापिका हवी. जमनाबाई पटले (यापुढे प. बाई) आज तिसरी शिकवितात, हंगामी. मुदत ३० एप्रिल. पदवी मान्य झाली तर त्या मुख्याध्यापिका. न झाल्यास नागपूरहून कोणी येईल आणि ह्या बाई सासूसह भाताच्या बांध्यांत रोवणीला. वैधव्यास नऊ वर्षे झाली.

पदवी उत्तरेकडील एका हिंदी विद्यापीठाची आहे. धडे पोस्टाने येतात, उत्तरे पोस्टाने जातात, शेवटी एकदा केंद्रावर परीक्षा. पोस्टाने आंब्याची कलमेही येतात. ती जगली की नाही, ते पाच वर्षांनी कळते.

बुधवार, २० मार्च

प्रमाणपत्र पाहिले. सोनेरी कड, दोन शिक्के, कमळ. जे खरे असते त्याला एवढी कड कशाला? अध्यापनाविषयी एक ओळ नाही. परीक्षा-तिथी: वैशाख कृष्ण ५, संवत् २०१३. केंद्र जबलपूर. इंग्रजी तारीख कोठेही नाही. व्यवहारातल्या कागदावर व्यवहारातली तारीख का नसावी? मुद्दाम टाळली असावी.

शनिवार, २३ मार्च

गेल्या वर्षीचे पंचांग काढले. वैशाख वद्य ५ म्हणजे मंगळवार, २९ मे १९५६. मग त्या दिवसाची माझी रोजनिशी उघडली. जशीच्या तशी उतरवितो:

"प. बाई दुपारी आल्या. मार्गशीर्षात नेलेला संस्कृत कोश परत केला. पुठ्ठा निसटलेला. पाणी घेतले, चहा नाही. ऊन फार."

छोट्या रुळांच्या गाडीने गोंदियाहून जबलपूरला पोहोचण्यास सबंध दिवस लागतो. तेथे पेपर लिहिणारी बाई त्याच दुपारी माझ्या ओसरीवर पाणी पीत होती!

सापडले. हा शब्द लिहिताना आनंद झाला, हेही नोंदवून ठेवतो.

शनिवार, ३० मार्च

सभा. प. बाईंना बोलाविले होते. मी रोजनिशी वाचून दाखविली व विचारले, "२९ मे रोजी आपण कोठे होता?"

"तुमच्याच घरी होते, गुरुजी. कोश द्यायला आले होते."

"मग जबलपूरला पेपर कोणी लिहिला?"

बाई एरवी शुद्ध बोलतात. रागावल्या की बोली येते. "तुमी असं काऊन बोलून राहिले, गुरुजी? मी माझ्या हातानं पेपर लिवला. मे महिन्यात नाही. महू पडून राहिले होते तवा. डब्यात महूच्या पोत्यांचा वास होता, सासूले मळमळून राहिलं होतं. तेंदूपत्ता सुरू व्हाचाच होता."

मी म्हणालो, मोहफुलांच्या वासावरून तारीख ठरत नाही. प्रवेशपत्र किंवा तिकीट दाखवा.

"प्रवेशपत्र तिथंच ठेवून घेतलं. तिकीट उतरल्यावर टेशनावर परत घेतात. मले मालूम असतं तर लोणच्यात घालून ठेवलं असतं."

सभासद हसले. मी हसलो नाही. सासू सोबत होती म्हणतात. ती घरची, तिची साक्ष कशी धरावी? ठराव: पदवी संशयास्पद, तूर्त अमान्य, तसे निरीक्षकांस कळवावे. मसुदा मीच केला. बोरकर म्हणाले, "एकही कानामात्रा बदलायची सोय नाही." हे कौतुक समजून मी सही केली.

शनिवार, ६ एप्रिल

निरीक्षकांस पत्र सोमवारीच, दि. १ रोजी गेले.

आज बाजारात प. बाईंची सासू आडवी आली. हातात कोहळे. "मास्तर, तीन घंटे मी त्या शाळेच्या पायरीवर बसून राहिली. वाटाणे खाल्ले, दोनदा पाणी पेली. मंग ते का सपन होतं?" चारजण थांबून ऐकत होते. म्हातारीच्या मुद्रेवर कावा दिसला नाही. परंतु कावा मुद्रेवर दिसतो असा माझा अनुभवही नाही.

गुरुवार, १८ एप्रिल

चष्म्याची काडी बसविण्यास गोंदियास गेलो. दुकानदार मारवाडकडील, ओळखीचा. काडी बसेपर्यंत भिंतीवरचे पंचांग वाचीत होतो. आजच्या घरात: वैशाख कृष्ण ४. मी त्यास म्हणालो, "शेठजी, हे पंचांग चुकीचे छापले आहे. वैशाखास अवकाश आहे. आज चैत्र वद्य चतुर्थी."

त्याने मान वर केली नाही. "मास्टरजी, आपका चैत चल रहा होगा. हमारा तो पूनम को ही गया."

मी तेथेच बाकावर बसलो.

हे मला ठाऊक नव्हते असे नाही. उत्तरेकडे पौर्णिमेस महिना संपतो, आपल्याकडे अमावास्येस; म्हणून वद्य पक्षात त्यांचा महिना नावाने एक पुढे असतो. आपल्या श्रावणातली गोकुळाष्टमी हे लोक भादोंत करतात. पन्नास वर्षे या भागात राहून दर वर्षी पाहतो, दर वर्षी त्यांना दुरुस्त करतो. (आता सरकारनेही गेल्या महिन्यापासून आपल्या नव्या राष्ट्रीय पंचांगात तिसराच चैत्र काढला आहे.) पीठ उत्तरेचे, त्याचा वैशाख कृष्ण म्हणजे आमचा चैत्र वद्य. परीक्षा २९ मे रोजी नव्हे, ३० एप्रिल रोजी झाली. त्या वेळी मोहफुलांची पोती गाड्यांनी जात असतात. तेंदूपत्ता सुरू व्हावयाचा असतो.

दुकानदाराने विचारले, "अब साफ दिखता है?"

परतीच्या गाडीत जुनी नोंद पुन्हा पुन्हा आठवली. कोश परत केला. सहा महिने ठेवलेला कोश माणूस केव्हा परत करतो? परीक्षा संपल्यावर. मी फक्त पुठ्ठा पाहिला.

शुक्रवार, १९ एप्रिल

प. बाईंकडे गेलो. सासूने खाट टाकली आणि आत गेली. मी चूक सांगितली, पहिल्यापासून, तिथीसह. बाई तांदूळ निवडीत होत्या. हात थांबला नाही.

"तुमची तारीख सुधरली, गुरुजी. बरं झालं. माझी पदवी सुधरली काय?"

म्हणालो, परीक्षा झाली हे मान्य. शिक्षण झाले का, ही शंका शिल्लक आहे. मग त्यांनी तपासून परत आलेल्या उत्तरांचे गठ्ठे पेटीतून काढून माझ्यापुढे ठेवले. "बसून पाहा. घाई नाही. मले तीस तारखेनंतर मोकळीकच आहे."

दोन तास पाहिले. परीक्षकाचे हस्ताक्षर तीनदा बदलले आहे. म्हणजे नक्की शिकविले कोणी? एका उत्तरात दोन ढोबळ चुका असून 'उत्तम' शेरा. हे सारे टिपून घेतले. परंतु पहिल्या गठ्ठ्यात जवळजवळ प्रत्येक पानावर लाल शाईने एकच वाक्य होते: "अपने शब्दों में लिखिए." दुसऱ्या गठ्ठ्यात ते चार ठिकाणी. तिसऱ्यात नाही.

छत्तीस वर्षे वह्या तपासल्या. हा शेरा मी कोणास दिल्याचे स्मरत नाही. मी पुस्तकातलेच मागत असे.

निघताना सासूने विचारले, "मास्तर, चहा?" घेतला.

रविवार, २१ एप्रिल

बोरकरांकडे दुरुस्तीचे पत्र नेले. "गुरुजी, आता कायले उकरून काढता? कागद तिकडे गेला. आणि आता मध्य प्रदेश नाही, मुंबई राज्य आहे. हिंदी पीठांची पदवी ते धरतील की नाही, कोणाला माहीत."

"न धरोत. पण माझ्या असत्यावरून नव्हे."

"मग पंचांगाच्या घोटाळ्यामुळे, असं लिहू?"

"पंचांगे दोन्ही बरोबर आहेत. माझे नाव लिहा."

त्यांनी लिहिले, माझ्या नावात चूक केली, ती मी सुधारली. निरीक्षकांस जाणारे पत्र मी उद्या स्वतः टपालात टाकीन. पदवी उत्तम आहे असे त्यात म्हटलेले नाही. बाई शिकविण्यास योग्य आहेत, असे म्हटले आहे. पदवीवरून नव्हे, गठ्ठ्यांवरून.

मंगळवार, ३० एप्रिल

प. बाईंची मुदत आज संपली. सकाळी त्या शाळेच्या किल्ल्या देण्यास बोरकरांकडे गेल्या. बोरकर म्हणाले, उत्तर येईपर्यंत ठेवा. बाई म्हणाल्या, ज्याची मुदत संपली त्याने किल्ली ठेवू नये. मग ती जबाबदारी माझ्याकडे आली; जुडगा माझ्या मेजावर आहे.

सायंकाळी त्या कोश मागण्यास आल्या. दिला. कशासाठी, ते त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही. पुठ्ठा मी शिवून घेतला होता.

इतिवृत्तात व या वहीत पुढीलप्रमाणे दुरुस्त वाचावे:

सभा: १० मार्च नव्हे, ९ मार्च १९५७, शनिवार.

प. बाईंची परीक्षा, जबलपूर: २९ मे नव्हे, ३० एप्रिल १९५६, सोमवार. आज एक वर्ष झाले.

२९ मे १९५६: प. बाई माझ्या घरी होत्या. नोंद बरोबर. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चूक.

'सापडले' हा शब्द: २३ मार्च नव्हे, १८ एप्रिल १९५७, गुरुवार.

शाळा उघडणार: २४ जून १९५७, सोमवार.

निरीक्षकांचे उत्तर: दि.