पासपोर्टला लावलेलं कुंकू

श्रीमान आयुबभाई टेलर, स्टँडसमोर, येरमाळा, यांना बजरंग (निवृत्त कंट्रोलर, एस.टी.) याचा सात समुद्रांपलीकडून सलाम आणि रामराम. (सात म्हणायची पद्धत आहे. विमानातून मला एकच दिसला, तोही ढगाखाली.)

तुझा गुडघा कसा आहे? मलम लावतोस की नुसतं उशाशी ठेवून झोपतोस? ताहेराभाभींना माझा नमस्कार सांग आणि त्यांच्या हातच्या खिचड्याची इथं रोज आठवण निघते हेही सांग. आमच्या दोघांच्या तब्येती उत्तम आहेत. इतक्या उत्तम, की थंडीमुळं सगळ्याच कपड्यांखाली झाकून ठेवाव्या लागतात आणि कुणाला दाखवता येत नाहीत. वर 'श्रीमान' आणि 'भाई' लिहिलंय ते पाकिटाची इभ्रत राहावी म्हणून. आत तू म्हणजे तूच.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. एक तर मला पत्र लिहायला आवडतं. शाळेत गुरुजी कविता म्हणायला लावायचे तेव्हा तू खिडकीतून चिंचा मोजायचास आणि मी डोळे मिटून चाल धरायचो, तेव्हापासूनची ही खोड. दुसरं म्हणजे आमच्या दिग्विजयच्या या जर्मनीतल्या घरात भिंती पुठ्ठ्याच्या आहेत. मी फोनवर 'आयुब' म्हणालो की आतल्या खोलीतून सूनबाई सोनाली विचारते, "काकांचा गुडघा कसा आहे?" आणि जे तुला सांगायचंय ते पोराच्या कानावर जाता कामा नये.

पोरगं वाईट नाही. उलट इतकं चांगलं आहे की जीव गुदमरतो. दुकानात गेलो की तो खिशातून फोन काढतो, यंत्राला टेकवतो, यंत्र चिमणीसारखं चिवचिवतं आणि सामान आपलं होतं. पैसा असा दिसतच नाही. आपण शाळेत ज्या कवितांत मुठीतला पैसा घामानं ओला होतो असं शिकलो, त्या कविता या देशात कुणाला समजावून सांगता यायच्या नाहीत. बरं, स्टेशनवर लघवीला जायचं तर दारावर नाणं टाकावं लागतं. एकदा मी दिग्विजयला हाक मारली. तो बायकोला, आईला आणि चार गोऱ्या लोकांना ओलांडून आला आणि माझ्यासाठी दार उघडलं. ज्यानं येरमाळ्याच्या स्टँडवर लाउडस्पीकरवरून सोलापूर गाडीला 'थांब' म्हटलं की ती थांबायची, त्या माणसाला स्वतःचं पाणी थांबवायची वेळ आली!

हेही सोसलं असतं. पण चौकात एक फिरता पाळणा आहे. लाकडी घोडे, घोड्यांना सोनेरी लगाम, आत संथ बाजा. मी तर पाहताक्षणी येडाईच्या यात्रेत पोचलो. माझी नात आरोही म्हणाली, "आबा, मला पांढऱ्या घोड्यावर बसायचंय." तिथं फोन टेकवून चालत नाही, रोख नाणी लागतात. मी खिसे चाचपले. सवयीनं चाचपले, त्यात काही नव्हतं हे ठाऊक असूनही. पोरगी माझ्याकडं बघत राहिली आणि अगदी सरळपणानं म्हणाली, "आबा, तुमच्याकडं कधीच पैसे नसतात का?"

आयुब, मला कुणी इतकं सभ्यपणे कधी मारलं नव्हतं.

आता माझ्याकडं पैसे होते! निघताना मेहुण्यानं, म्हणजे आमच्या बलभीमरावांनी, सोलापूरच्या एजंटाकडून मला डॉलर घेऊन दिले होते. इथं युरो चालतो हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यावर ते म्हणाले, "दाजी, डॉलर जगात कुठंबी चालतो." चालतो खरा, पण बँकेच्या दारापर्यंत. पुढं त्याला माणूस लागतो आणि माणसाला पुरावा लागतो.

मी एकटाच गेलो. बँकेत लाकडाचा, कॉफीचा आणि शांततेचा वास. काउंटरवर एक उंच, नीटनेटकी मुलगी. मी माझं आठवीचं इंग्रजी काढून सांगितलं, डॉलर बदला. तिनं हसून ओळख मागितली. ओळखीची आपल्याला काय कमी! मी पिशवी उघडली. लॅमिनेट केलेलं आधार ठेवलं. मतदान कार्ड ठेवलं. एस.टी.चं ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड ठेवलं आणि त्यावर मला भाड्यात सवलत मिळते हेही समजावून सांगितलं. तरी तिचं समाधान होईना, तेव्हा सातबाऱ्याची झेरॉक्सही ठेवली. (जमीन असलेला माणूस दुसऱ्याच्या नावानं कशाला फिरेल, एवढं तरी कळावं.) ती म्हणाली, परदेशी माणसाला पासपोर्टच लागतो. मी म्हणालो, येरमाळ्याला स्टँडवर फोन लावा, कुणीही सांगेल मी कोण. ती पुन्हा हसली. या लोकांचं हे हसणं फार महागात पडतं. आपल्याकडं काम करतानाही कुणी हसत नाही, इथं नाकारतानाही हसतात.

तसं आपलं तरी कुठं बरं आहे म्हणा. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी मी जिवंत असल्याचं सिद्ध करायला जातो, अंगठा लावतो आणि यंत्र म्हणतं, जुळत नाही. समोरचा साहेब मला नावानं हाक मारून चहा पाजतो आणि त्याच घोटाला सांगतो की कंट्रोलर, तुम्ही हयात असल्याचा पुरावा नाही. आपल्याकडं ओळखतात पण मानत नाहीत. इथं ओळखतही नाहीत.

पासपोर्ट होता, पण तो गिरिजाबाईच्या ताब्यात. तिनं तो बॅगेत कुलपात घातला होता आणि किल्ली कमरेला. तिचं म्हणणं असं की ते पुस्तक म्हणजे गावाला परत जायची वाट, ती वाट कुणी रस्त्यावर घेऊन हिंडत नाही. मी तिला घोड्याची सगळी हकीकत सांगितली. आरोहीचं बोलणं ऐकल्यावर ती म्हणाली, "दसरा होऊ द्या. मग जाऊ दोघं. तुमच्या एकट्याच्यानं व्हायचं न्हाय."

दसरा झाला. आणि तिथंच घात झाला. तुला आमच्या घरचा दसरा माहीत आहे. औत, विळे, खुरपी, माझी शिट्टी, सगळं पाटावर मांडून हळदीकुंकू. इथं ना औत ना विळा. मग हिनं पाटावर दिग्विजयचा लॅपटॉप, सोनालीच्या गाडीची किल्ली, आरोहीची रंगपेटी आणि आमचे दोन्ही पासपोर्ट मांडले. आपट्याची पानं नाहीत म्हणून बागेतली कसलीशी पिवळी पानं. मी तिकडं खिडकीतून गळणारी पानं बघत दसऱ्याच्या आपल्या शाळेतल्या कवितेची चाल आठवत होतो, त्यामुळं पाटाकडं लक्ष नव्हतं. नुसतं वरच्या आवरणाला कुंकू लावलं असतं तर निभावलं असतं. पण हिनं पासपोर्ट उघडला, आत माझा फोटो दिसला, मोकळ्या कपाळाचा. सणाच्या दिवशी घरधन्याचं कपाळ मोकळं? हिनं हळदीकुंकवात करंगळी बुडवून नेमका मधोमध टिळा लावला, अक्षता टाकल्या आणि पासपोर्ट मिटला.

बँकेत तो उघडला तो त्याच मुलीनं. आतून तांदळाचा एक दाणा काचेवर पडला. तिनं तो दोन नखांत धरून कागदी कपात ठेवला, जणू पोलिसांना द्यायचाय. मग फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. फोटोतल्या माणसाच्या कपाळावर लाल गोळा, समोरच्याच्या कपाळावर काही नाही. तिनं विचारलं, ही जखम आहे का? मी म्हणालो, नाही, माझ्या बायकोनं माझी पूजा केली. (इंग्रजीत हे वाक्य फार वाईट ऐकू येतं.) ती मुलगी गिरिजाबाईकडं जराशी घाबरून बघू लागली. संसारात माझी प्रत्यक्ष पूजा कधी झाली नाही, हे तिला सांगावंसं वाटलं, पण आठवीच्या इंग्रजीत ते बसेना.

"काय म्हणती ती?" गिरिजाबाईनं विचारलं.

"म्हणते, फोटो आणि तोंड जुळत नाही."

"एवढंच व्हय? मग आधी सांगायचं की!"

असं म्हणून हिनं पर्समधून कुंकवाचा करंडा काढला आणि त्या निःशब्द बँकेत, सगळ्या रांगेदेखत, माझ्या कपाळावर टिळा लावला. फोटोशी मेळ बसावा म्हणून एकदा मागं सरून पाहिलं, जरा डावीकडं सरकवला. "आता इचार म्हणावं, योकच माणूस हाय का न्हाय?"

आयुब, माझं सबंध आयुष्य सरकारी छायाचित्रं माझ्यासारखी दिसावीत म्हणून गेलं. छायाचित्रासारखा मीच दिसावा, हे पहिल्यांदा घडलं.

मॅनेजर आला. स्वच्छ नखांचा, मऊ आवाजाचा. त्यानं भिंगातून टिळा पाहिला आणि 'मी समजू शकतो' असं पुनःपुन्हा म्हणाला. या माणसांना सगळं समजतं, त्यामुळंच त्यांना काही करावं लागत नाही. डाग पडलेला पासपोर्ट ओळख म्हणून चालणार नाही, असं त्यानं सांगितलं. आम्ही दारापर्यंत आलो तेव्हा तो सौजन्यानं मागून येऊन म्हणाला की तसाही स्वच्छ पासपोर्ट असता तरी उपयोग नव्हता, कारण ही बँक फक्त खातेदारांच्याच नोटा बदलते. हे त्यानं निरोप म्हणून सांगितलं, सांत्वनासारखं.

घरी दिग्विजयनं चष्म्याच्या फडक्यानं पान पुसलं. वर प्लास्टिक होतं म्हणून कुंकू निघालं, हळदीची पिवळी झाक तेवढी राहिली. (आता मी फोटोत काविळीचा दिसतो.) तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बाबा, कशाला एवढा त्रास? ते डॉलर राहू द्या. लागतील तेवढे माझ्याकडं मागत जा."

मागत जा! गिरिजाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. रात्री जेवताना आम्ही दोघंही एकमेकांकडं पाहत नव्हतो.

असो. डॉलर पिशवीत सुखरूप आहेत, येताना बलभीमरावांना परत देईन आणि जगात ते कुठं कुठं चालतात ते पुन्हा एकदा विचारीन. आरोही मात्र काल पांढऱ्या घोड्यावर बसली. माझ्या नाण्यांवर. पाळण्यावाल्यानं नाणी घेतली आणि माझ्या तोंडाकडं पाहिलंसुद्धा नाही. पोरगी प्रत्येक फेरीला हात हलवत होती आणि मी येडाईच्या यात्रेत उभा होतो. या पाकिटावरचं तिकीटही माझ्याच पैशाचं आहे, ते सांभाळून काढ आणि ठेव.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि तुझ्या मशीनला तेल.

तुझाच,
बजरंग

ता. क. : पत्र दुकानात मोठ्यानं वाचू नकोस. बलभीमराव तिथंच बाकावर बसलेले असतात.

ता. क. २ : मुद्द्याचं राहिलं. बलभीमरावांचा नातू उत्कर्ष पुढच्या महिन्यात शिकायला इकडं येतोय. त्याच्याबरोबर दोन मोठ्या पिशव्या शिवून पाठव. जाड कापडाच्या, आतून प्लास्टिकचं अस्तर (तळाशी गळतं), आणि बंद खांद्याला न रुतणारे. कुणी विचारलं तर भाजीसाठी म्हण. पैसे आल्यावर देईन, या वेळी खरोखर.

ता. क. ३ : तुला अंधारात ठेवलं तर पिशव्या लहान शिवशील, म्हणून सांगतो. या देशात लोक पाणी, सोडा, बिअर पितात आणि रिकाम्या बाटल्या बागेत बाकाखाली ठेवून जातात. त्या दुकानातल्या एका यंत्राच्या तोंडात घातल्या की चिठ्ठी येते, चिठ्ठी दिली की काउंटरवरची बाई रोख नाणी मोजून देते. पासपोर्ट नाही, फोटो नाही, अंगठा नाही. आम्ही दोघं रोज फिरायला म्हणून बाहेर पडतो. मी झाडांकडं बघत कविता म्हणतो, गिरिजाबाई खाली बघत बाटल्या वेचते. तिची नजर तुला ठाऊकच आहे. दिग्विजयला कळलं तर तो म्हणेल, बाबा, कुणी ओळखीच्यानं बघितलं म्हणजे! पण इथं आपल्याला कुणी ओळखत नाही. तोच तर सगळा घोळ होता, आणि आता तीच सगळी सोय आहे.