कागद नसलेलं थडगं

२१ मार्च, गुरुवार

नोटीस आली. गावसमितीच्या दारावर एक चिकटवलीय, माझ्या दारातही एक टाकलीय. खाली धरण होणार, पाणी कापूरटेकडीच्या कमरेपर्यंत चढणार, म्हणून तिथली सगळी थडगी हलवायची. वारसानं छिंगमिंगपर्यंत, म्हणजे पितरांच्या सणापर्यंत, आपलं थडगं साफ करायचं, वर पांढरा कागद दगडाखाली दाबायचा आणि समितीत नाव द्यायचं. ज्याचं नाव येणार नाही ते बेवारस. बेवारस हाडं एका सामायिक खड्ड्यात.

त्या टेकडीवर माझी आई आहे.

समितीचा कारकून दिंग म्हणाला, "शाओकाका, तुम्हाला काय, एकच तर थडगं. अर्ध्या तासाचं काम." मी मान हलवली. अठरा वर्षं मी तिकडे फिरकलो नाही हे त्याला ठाऊक आहे की नाही, कोण जाणे. निंगबो शहरात गोदामावर रखवालदार होतो. दर छिंगमिंगला 'सुट्टी मिळत नाही' असं सांगायचो. पहिली दोन वर्षं ते खरंही होतं.

२४ मार्च, रविवार

गेलो. सापडलं नाही.

इथे कोण वाचणार आहे, म्हणून लिहितो — मला माझ्या आईचं थडगं सापडलं नाही! तिला पुरलं तेव्हा उजव्या हाताला कापराचं मोठं झाड होतं आणि खाली भाताची खाचरं दिसायची. झाड वादळात गेलं म्हणे. खाचरांत बांबू माजलाय. शिळा लावली असती तर प्रश्नच नव्हता. तिसऱ्या वर्षी लावू असं ठरलं होतं. तिसऱ्या वर्षी म्हटलं, पाचव्या वर्षी लावू. पाचव्या वर्षी मी निंगबोच्या बसमध्ये बसलो.

त्या टप्प्यावर बिनशिळेची पाच थडगी आहेत. चारांवर गवत, काटे, बांबूचे कोंब. पाचवं मात्र लख्ख. गवत उपटलेलं, माती थोपटून बसवलेली, वर तीन दगडांखाली कोरा कागद. छिंगमिंगला अजून बारा दिवस आहेत आणि कुणीतरी येऊन सगळं करूनही गेलं! नशीबवान आहे आत झोपलेला.

दिंगला सहज विचारलं, ते कुणाचं. म्हणाला, "नाव नाही आलं अजून. येईल. इतकं करणारे नाव द्यायला विसरतात होय?"

२७ मार्च, बुधवार

शुईयिंगला विचारावं का? तीनदा फोन हातात घेतला, तीनदा ठेवला.

ती माझी धाकटी बहीण. नदीपलीकडे तिचं टोफूचं दुकान आहे. आईला मातीत ठेवलं तेव्हा ती होती, तिला जागा आठवत असेल. पण विचारू कुठल्या तोंडानं? आई गेली त्याच्या पुढच्या छिंगमिंगला ती टोपली घेऊन टेकडीच्या पायथ्याशी आली होती. लग्न झालेल्या मुलीनं माहेरचं थडगं साफ केलं की भावाच्या घरची बरकत जाते, असं आमच्याकडे मानतात. सगळे नातेवाईक बघत होते. मला चेव आला. ओरडलो — "तू आता दुसऱ्या घरची. आईचं मी बघेन." तिनं टोपली खाली ठेवली आणि आल्या वाटेनं परत गेली.

आईचं मी बघेन!

त्यावर तिनं पुन्हा कधी विषय काढला नाही. दर वर्षी छिंगमिंगला तांदळाच्या पिठाचे हिरवे गोळे मात्र न चुकता पाठवते. निंगबोलाही बसच्या ड्रायव्हरकडे द्यायची.

३० मार्च, शनिवार

पुन्हा गेलो. सकाळी सातला चढलो, दुपारी दोनला उतरलो. गुडघा बोंबलतोय.

एक गोष्ट आठवली. आईचं डोकं नदीच्या बाजूला ठेवलं होतं. वडिलांची होडी त्या नदीत उलटली, ते हाती लागलेच नाहीत, म्हणून शेवटी आई म्हणाली होती, "मला नदीकडे डोकं करून ठेवा." नदीकडे डोकं असलेली तिथे दोनच आहेत. एक ते लख्ख, आणि दुसरं अगदी कडेचं, काट्यांनी झाकलेलं.

मग हिशेब सरळ आहे. लख्ख थडग्याला कुणीतरी आहे. ज्याच्याकडे अठरा वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही, ते माझं.

१ एप्रिल, सोमवार

कडेच्या थडग्याचं नाव दिलं. दिंगनं रकाना भरला, शिक्का मारला. "नक्की ना, काका?" म्हणाला. "म्हणजे काय? माझी आई आहे," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच.

४ एप्रिल, गुरुवार

उद्या छिंगमिंग. आज चूल पेटवली नाही. गावात आता कुणी पाळत नाही, पण आई पाळायची. काल शिजवलेलं आज गार खायचं, दाराला विलोची फांदी खोचायची आणि आम्हा दोघांना समोर बसवून जिएची गोष्ट सांगायची. राजपुत्र देशोधडीला लागला होता, भुकेनं मरायला टेकला होता, तेव्हा जिएनं स्वतःच्या मांडीचं मांस कापून त्याला रस्सा करून घातला. एकोणीस वर्षांनी राजपुत्राला गादी मिळाली आणि त्यानं सगळ्यांना इनामं वाटली — जिएला सोडून. विसरला! मग कुणीतरी आठवण करून दिली. तोवर जिए म्हाताऱ्या आईला घेऊन डोंगरात निघून गेला होता. राजाला घाई. त्यानं डोंगराला आग लावली, म्हणजे जिए आपोआप बाहेर येईल. जिए आला नाही. आग विझल्यावर जळक्या विलोच्या बुंध्याशी दोघं मायलेक सापडली. तेव्हापासून त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही.

लहानपणी मला जिएचा अभिमान वाटायचा. शुई जिएच्या आईसाठी रडायची. राजाचा विचार आम्ही दोघांनीही कधी केला नाही. आज मला तोच आठवतोय. वाईट नव्हता बिचारा. विसरला, आणि मग घाई केली.

संध्याकाळी शुईचे गोळे आले. बांबूच्या पानात, लाल दोऱ्याची गाठ. चिठ्ठी वगैरे नाही.

५ एप्रिल, शुक्रवार

छिंगमिंग. ऊन होतं. छिंगमिंगला ऊन पडलेलं मला आठवतच नाही.

चार तास कोयता चालवला. काटे काढले, मुळं खणली, माती ओढली. टेकडीवर विस्तवाला बंदी, म्हणून उदबत्ती नाही, कागदी नोटा जाळायच्या नाहीत. नुसता पांढरा कागद दाबला आणि तीनदा डोकं टेकवलं. आई, उशीर झाला, असं म्हणायचं ठरवून गेलो होतो. म्हणवेना. लाज वाटली म्हणावी तर ती घरून निघतानाच वाटत होती. तिथे काहीच वाटलं नाही. भाड्याच्या खोलीत पहिल्या दिवशी उभं राहावं तसा उभा होतो. असेल, अठरा वर्षांनी असंच होत असेल.

कडेला बसायला जागा नाही, सगळी ओली माती. म्हणून त्या लख्ख थडग्याच्या कठड्याला टेकून बसलो आणि शुईचे गोळे खाल्ले. आत कोवळ्या बांबूचे कोंब आणि खारवलेली मोहरीची भाजी, अगदी आईच्या हातचे. सहाच्या सहा संपवले. तिथेच जरा डोळा लागला.

७ एप्रिल, रविवार

शुईचा फोन. ती आपणहून कधी करत नाही.

"नाव दिलंस ना, दादा?"

"दिलं."

 मग इतक्या मऊ आवाजात बोलली, की मला आधी वाटलं दुसरीच कुणी आहे. "बरं केलंस. फार बरं केलंस."

काय झालंय हिला? फोन ठेवल्यावर मीच ओशाळलो.

१२ एप्रिल, शुक्रवार

 

आज उघडलं. खणणारे तिघे. पेटीच्या फळ्या कुजून गेलेल्या. वर तीन काठ्यांवर कापडाचा मांडव धरलेला, ऊन हाडांना लागू नये म्हणून. मी लाल कापड आणि मातीचा रांजण घेऊन उभा. मुख्य खणणारा खाली वाकला, काहीतरी उचललं, बोटानं पुसलं आणि वर बघून म्हणाला, "काका, तुमची आई चिलीम ओढायची?"

पितळी तोंडाची लांब चिलीम. शेजारी मांडीचं हाड — एवढं लांब! माझी आई माझ्या खांद्याला लागायची. धुराचा वास आला तरी खिडक्या उघडायची.

"शाओकाका," दिंग हळू आवाजात म्हणाला, "हा बाप्या आहे."

१३ एप्रिल, शनिवार

आईला आणायला गेलो आणि कुणाचा तरी बाप घेऊन आलो. रांजण समितीच्या पडवीत ठेवलाय, त्यावर माझं नाव.

१५ एप्रिल, सोमवार

दिंगच्या समोर दोन तास बसलो. डोकं कुठल्या बाजूला होतं ते मलाच चुकीचं आठवत असेल, उरलेली तीन उघडून दाखवा म्हटलं. "लोकांची थडगी तुमच्या अंदाजावर उघडत बसू का?" बरोबर आहे त्याचं. रक्ताच्या दुसऱ्या नातेवाइकानं जागेवर येऊन ओळख पटवली तरच नवं नाव घेणार. मुदत गुयूपर्यंत, म्हणजे धान्याच्या पावसाच्या दिवसापर्यंत, शनिवारी दुपारी बारा. मग राहिलेली सगळी खड्ड्यात.

"ते साफ केलेलं थडगंसुद्धा जाणार," तो म्हणाला. "अजून कुणी नाव दिलेलं नाही. नुसता कागद दाबून भागतं का?"

मला त्या माणसांचं वाईट वाटलं. इतकं जपायचं आणि नाव द्यायचं राहून जायचं.

शनिवारला पाच दिवस. रक्ताची एकच उरलीय.

१७ एप्रिल, बुधवार

नदीपर्यंत गेलो. पूल ओलांडला नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार

ओलांडला.

शुई दुकानात टोफूच्या वड्या पाण्यात सोडत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. अठरा वर्षं, शिळा, चिलीम, सगळं. मधे एकदाच तिनं विचारलं, "कुठलं उघडलंस?"

"कडेचं."

तिचे हात पाण्यातच राहिले. बराच वेळ. मला वाटलं आता बरसणार, आणि बरसायलाच हवी होती.

"मला सापडत नाही, शुई," मी म्हणालो. "तू चल माझ्याबरोबर टेकडीवर."

"लग्न झालेल्या मुलीनं?"

एवढंच म्हणाली. मी खाली मान घातली. तिनं हात पुसले, खुंटीवरचा विळा काढला आणि उद्यासाठी दाराशी ठेवला. विळ्याची मूठ झिजून गुळगुळीत झालेली. टोफूच्या दुकानात विळा कशाला लागतो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

२० एप्रिल, शनिवार

गुयू. सकाळपासून धान्याचा पाऊस, बारीक. शुई पुढे, मी मागे. तिनं वाट विचारली नाही. बांबूतून एक पायवाट वर जाते, ती मला एकदाही दिसली नव्हती. त्या लख्ख थडग्यापाशी थांबली, वाकली, तीन दगड बाजूला केले. कोऱ्या कागदाखाली मागच्या वर्षीचा पिवळा कागद, त्याखाली आणखी एक, त्याखाली नुसता लगदा. "दर वर्षी मी सणाच्या आधीच येऊन जायचे," म्हणाली. "तुला कळलं तर रागावशील म्हणून."

साडेदहाला समितीत पोचलो. वारसाच्या रकान्यात तिचं नाव लिहायला लावलं. दिंगनं माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. चिलीमवाल्याचा रांजण मी घेतलाय. त्याला आता मीच आहे.

पुलावर ती म्हणाली, "छिंगमिंगच्या दुसऱ्या दिवशी मी बघायला आले होते. आईजवळ बांबूची पानं पडली होती, माझा लाल दोराही होता. वाटलं, दादा आला. तिच्याशेजारी बसून जेवला."