बोट कुठे लागते?

धायरी, पुणे
११ जानेवारी

प्रिय भागी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच कपाटावर टाकशील अशी भीती वाटली, म्हणून पत्ता सलोनीकडून लिहून घेतला आणि पाठवणाऱ्याच्या जागी तिचंच नाव घातलं. भाचीचं पत्र तू नक्की फोडशील. म्हणजे सुरुवातच लबाडीने झाली. पण तू माझा फोन उचलत नाहीस, घरच्या ग्रुपमधून बाहेर पडून तुला सहा महिने झाले, आणि सोलापूरला येऊन तुझ्या दारात उभं राहायचं धाडस माझ्यात नाही. मध्येच राग आला तर उठून पाणी पी आणि पुढे वाच. एवढं माझ्यासाठी नको, आईसाठी कर.

आधी घरची हालहवाल. तुझ्या वहिनीचा पाय बरा आहे, प्लॅस्टर निघालं. सलोनी रोज हिंजवडीला जाते आणि रोज ट्रॅफिकला शिव्या देत परत येते. मी निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी सकाळी पाच वाजता जाग येते आणि पहिली गाडी सोडायची राहिली असं वाटतं. आईचे गुडघे कुरकुरतात, पण रविवारी नऊ वाजता विहारात जायचं ती चुकवत नाही. पांढरं पातळ नेसून साडेआठपासून सोफ्यावर बसून राहते. तिच्यासाठी आता तिथे खुर्ची ठेवलीय. त्या खुर्चीबद्दल मला तुला सांगायचंय, पण ते पुढे येईल.

ऑगस्टातल्या श्रीलंकेच्या सहलीपासून सांगतो. अनुराधापूरचा बोधिवृक्ष डोळ्यांनी बघायचा, हे आईचं वेड आपल्या लहानपणापासूनचं. छप्पन साली नऊ वर्षांची असताना ती आजोबांचं बोट धरून नागपूरला गेली होती. तिथे गर्दीत कुणीतरी तिला संघमित्रेची गोष्ट सांगितली. अशोकाची लेक बोधगयेच्या झाडाची फांदी घेऊन समुद्रापार गेली आणि ते झाड तिकडे अजून उभं आहे, ही. मी विमानाचं म्हटलं तेव्हा आईने मान हलवली. "संघमित्रा बोटीनेच गेली होती. मी पण बोटीनेच जाणार." झालं. मग मी चेन्नईहून निघणारी पाच दिवसांची बोट शोधून काढली. माहितीपत्रकावर अनुराधापूरच्या पांढऱ्या स्तूपाचा केवढा मोठा फोटो होता! माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आदल्या वर्षी त्याच बोटीने जाऊन आले होते. त्यांची बोट त्रिंकोमालीला लागली, तिथून दोन-अडीच तासांत अनुराधापूर. त्यांनी तिथल्या एजाज नावाच्या गाइडचा नंबर दिला. मी त्याला फोन करून त्याची गाडी ठरवून टाकली आणि ग्रुपवर ऐटीत जाहीर केलं, की आईची खाजगी गाडी, खाजगी गाइड, बोटीतून उतरली की थेट बोधिवृक्षाखाली.

त्याच्या खाली तू एकच ओळ लिहिलीस. "दादा, आपली बोट कुठल्या बंदराला लागते ते आधी विचार, मग गाडी ठरव." इतकं साधं. आणि मी काय उत्तर दिलं ते तुला पाठ असेल, पण मला ते माझ्या हाताने पुन्हा लिहू दे. मी लिहिलं, "श्रीलंका म्हणजे रशिया नव्हे. कुठेही उतरलं तरी पोचता येतं. भूगोल सातवीच्या वर्गापुरता ठेवा, बाई." तेवीस नातेवाइकांपैकी निम्म्यांनी हसरी तोंडं टाकली. मला चेव चढला. मी पुढे लिहिलं, की जिने आईला आजवर सोलापूरच्या पुढे नेलं नाही तिने बंदरं शिकवू नयेत. संध्याकाळी तुझं नाव ग्रुपमधून गेलेलं दिसलं. मी तुझ्या वहिनीला म्हटलं, जाऊ दे, येईल रुसवा काढून.

भागी, स्वारगेटच्या एसटी स्टँडवर माझी अर्धी हयात त्याच प्रश्नाचं उत्तर देण्यात गेली. सोलापूरची कुठे लागते, भोरची कुठे लागते, दिवसातून तीनशे वेळा. मी खिडकीतून खेकसायचो, "डोक्यावर पाटी आहे. मान वर करायला तिकीट पडत नाही." पण पाटी न वाचता येणारी म्हातारीसुद्धा गाडी कुठे लागते हे आधी विचारायची आणि मगच पिशवी उचलायची. तिला जेवढी अक्कल होती तेवढी वाहतूक नियंत्रकाला नव्हती. स्वारगेटच्या बाहेर गेलो आणि विचारण्यात मला कमीपणा वाटला. त्यातून तो प्रश्न तू विचारलेला, म्हणजे तर विचारणं शक्यच नव्हतं.

इथपर्यंत वाचून तुला वाटेल, दादा फसला असेल आणि आता कबूल करतोय. तेवढंच असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. निघायच्या बारा दिवस आधी बोटीचे पक्के कागद आले. सलोनीने ते लॅपटॉपवर उघडले आणि म्हणाली, "बाबा, इथे पोर्ट हंबनटोटा आहे. आपली गाडी त्रिंकोमालीला बुक आहे ना?" मी नकाशा काढला. हंबनटोटा पार खाली, दक्षिणेच्या टोकाला. अनुराधापूर वर, उत्तरेकडे. मी गच्चीत जाऊन एजाजला फोन लावला. तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "सर, छह घंटा जाना, छह घंटा आना. शाम को पाँच बजे शिप छूटेगा. नहीं होगा, सर." खाली आलो तर सलोनीने सगळं शोधून ठेवलं होतं. तीन आठवड्यांनी निघणारी बोट त्रिंकोमालीला लागत होती. "फ्रायडेच्या आत मेल टाकला तर डेट चेंज होते बाबा, फ्री." तो सोमवार होता. माझ्या हातात चार दिवस होते.

मी मेल टाकला नाही. तारीख का बदलली असं ग्रुपवर कुणीतरी विचारलंच असतं. मग बंदराचं सांगावं लागलं असतं, आणि बंदर म्हटलं की सगळ्यांना तू आठवली असतीस. एवढंच कारण. दुसरं कुठलंही नाही, मी खूप शोधून बघितलं. सलोनीला सांगितलं की एजाज गाडी घेऊन हंबनटोटालाच येतोय, सगळं ठरलंय. शुक्रवार गेला. मी मनाशी म्हणत होतो की तिथे गेल्यावर काहीतरी होईल. काय होणार होतं? माझ्यासाठी बेट आखडणार होतं?

तुझ्या वहिनीचा पाय तेव्हाच मोडला, म्हणून आई आणि मी दोघंच गेलो. बोटीवर आई लहान मुलीसारखी खूश होती. जेवणाच्या हॉलमध्ये शेजारी बसेल त्याला सांगायची की मी अनुराधापूरला चालले, माझ्या मुलाने नेलंय. बंदराला लागलो त्या सकाळी ती पाच वाजता आंघोळ करून, ते ठेवणीतलं पांढरं पातळ नेसून तयार. पिशवीत मेणबत्त्या, उदबत्त्या आणि बाबांचा छोटा फोटो. शिडी उतरताना तिने माझा दंड धरला आणि विचारलं, "किती लांब आहे रे?" मी म्हटलं, "आलंच."

खाली उन्हात मोकळा धक्का, कंटेनर आणि बोटीवरच्या माणसांना गावात सोडणारी बस. त्या बसने गावात गेलो, तिथे एक रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला म्हटलं, जवळचं कुठलंही बुद्धमंदिर दाखव. वीस मिनिटांत त्याने एका छोट्या विहाराशी नेलं. आवारात एक पिंपळ होता, त्याला चौथरा, चौथऱ्याला निळा रंग दिलेलं कुंपण. पाट्या सगळ्या सिंहली. आई मराठीसुद्धा बोट फिरवत वाचते. ती झाडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हेच का ते?" त्या वेळेला खरं बोलायची शेवटची संधी होती. मी म्हटलं, "हेच."

ती गुडघे दुखत असताना खाली बसली. बाबांचा फोटो चौथऱ्यावर टेकवला, मेणबत्त्या लावल्या. तिथल्या एका बाईने तिच्या ओंजळीत कमळ दिलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी त्या बराच वेळ हात धरून बसल्या. मी लांब रिक्षापाशी उभा राहून घड्याळ बघत होतो. निघताना तिने खाली पडलेलं एक पान उचललं, पदराने पुसलं आणि पिशवीत ठेवलं. परतीच्या वाटेवर ती पिशवी मांडीवर घट्ट धरून बाहेर बघत बसली. मला वाटलं, मन भरून आलं असेल.

पुढचं तुला नातेवाइकांकडून कळलंच असेल. धम्मचक्र दिनाला विहारात त्या पानाची तसबीर लागली. खाली पितळी पट्टी आहे, "अनुराधापूर येथील बोधिवृक्षाचे पान. श्रीमती तुळजाबाई धोंडिबा साळवे यांजकडून." तो मजकूर मीच लिहून दिला. बायकांनी आईला गराडा घालून विचारलं, आजी, तिथलंच ना हे? आई म्हणाली, "हो, तिथलंच." लोक येतात आणि त्या काचेला हात लावून कपाळाला लावतात. मी ते समोर उभा राहून बघितलंय आणि त्यांच्याबरोबर जेवलोय.

आता त्या खुर्चीचं. आईला खाली बसवत नाही म्हणून खुर्ची आली आणि ती बाजूला, भिंतीशी ठेवली. त्यामुळे पुरुषांच्या रांगेतून मला तिचा चेहरा दिसायला लागला. पंचशील सुरू झालं की ती डोळे मिटते आणि खणखणीत म्हणते. पहिलं म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. चौथ्याला तिचे ओठ मिटलेले. पाचव्याला पुन्हा आवाज. मला वाटलं दम लागला असेल. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मी मात्र चौथं सगळ्यांत मोठ्याने म्हणत होतो, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याची मी शपथ घेतो म्हणून. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

परवा ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. मी समोर बसलो, चार शेंगा सोलल्या आणि विचारलं, आई, तू चौथं का म्हणत नाहीस? ती मान वर न करता म्हणाली, "जे पाळत नाही ते कशाला घ्यायचं? बायकांशी खोटं बोलले मी." माझा हात तिथेच थांबला. मग तिने सांगितलं की तिला तिथेच कळलं होतं. झाडाखाली बसली असताना तिला बोटीचा भोंगा ऐकू आला. आणि अनुराधापुराजवळ समुद्र नाही, हे बाबांनी तिला कधीच दाखवून ठेवलं होतं, तुझ्या शाळेच्या ॲटलासमध्ये. खडकवासल्याहून बागकाम करून आले की ते तुझा ॲटलास घेऊन बसायचे ना, तेव्हा. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तुझं तोंड बघवत नव्हतं रे. घामाने डबडबला होतास." आणखी एक शेंग सोलून म्हणाली, "पिंपळाला मी हात जोडले ते खरे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पट्टीवर नाव माझं आहे."

मी रडलो, भागी. एकोणसाठ वर्षांचा घोडा, मटाराच्या परातीसमोर बसून रडलो. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "विहारात तर तू सांगशीलच. पण आधी भागीला सांग. ती खरं बोलली होती आणि तिचं तू चारचौघांत हसं केलंस." ऑगस्टपासून ती तुझ्याशी दर आठवड्याला फोनवर बोलतेय आणि तुला एक शब्द कळू दिला नाही, तो माझी लाज राखायला. माझ्या लाजेचं ओझं ती खुर्चीत बसून दर रविवारी वाहतेय, आणि मी तिला रिक्षातून सोडायला-आणायला जातो म्हणून स्वतःला चांगला मुलगा समजत होतो.

म्हणून हे पत्र. हे तुझ्या हाती पडलं की याच पत्राच्या पानांचे फोटो मी ग्रुपवर टाकणार आहे, एकही ओळ न गाळता. आणि पंचवीस तारखेच्या रविवारी, पंचशील सुरू व्हायच्या आधी, विहारात उभा राहून सगळं सांगणार आणि ती पट्टी स्वतःच्या हाताने काढणार. तू मला माफ कर असं म्हणायला तोंड नाही, म्हणून ते म्हणत नाही. दोन गोष्टी मागतो. तुझ्या सुट्टीत आईला खऱ्या झाडापाशी तू ने. बोट कुठे लागते ते तू विचार, गाडी तू ठरव. मी पिशव्या उचलायला येईन, नको म्हणालीस तर घरी थांबेन. आणि दुसरी गोष्ट, पंचवीस तारखेला ये. आदल्या दिवशी रेल्वेने निघ नाहीतर एसटीने ये, स्वारगेटला ती बाहेरच्या बाजूला लागते, मी तिथे उभा असेन. रविवारी आईच्या खुर्चीशेजारी बस आणि चौथ्याला तिचे ओठ हलतात का तेवढं बघ. मी तिथेच असेन, पण मला मान वर करता येणार नाही. घरी आल्यावर तू मला सांग.

तुझाच,
दादा