जीभ आणि टाळू यांच्यामधला थर

३ तारीख, सोमवार

०.६ मिलिमीटर! प्रयोगशाळेत एकटीच नाचले. दारात साहेब उभे होते. काही पाहिलंच नाही असं दाखवून निघून गेले — भला माणूस.

नीट लिहून ठेवते. पोलादाच्या दोन चकत्या, मधे चमचाभर घट्ट लगदा, वर वजन. पाणी असतं तर सगळं बाहेर पळालं असतं. लगदा थोडा सरकतो आणि मग हटून बसतो. वजन कितीही वेळ ठेवा, ढिम्म हलत नाही! उरतो तो थर. खालची चकती म्हणजे बाबांची जीभ, वरची टाळू. वजन म्हणजे जिभेचा जोर. तो चमचेताईंनी छोटा फुगा दाबायला लावून मोजून दिलाय. (गिळण्याची चाचणी त्याच घेतात, म्हणून घरात हे नाव.)

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांना पातळ दिलं की श्वासनलिकेत जातं, फार घट्ट दिलं की टाळूलाच चिकटून बसतं. थर एक मिलिमीटरच्या आत आला तर घास गिळता येईल. नाहीतर चौदा तारखेला पोटाला भोक पाडून नळी. कायमची.

५ तारीख

सपशेल आपटले. परवाचा ०.६ वाला लगदा, नऊ नंबरचा नमुना, बाबांना दिला. चमचेताईंनी तोंडात टॉर्च मारला. "अगं, बराचसा टाळूलाच आहे की!" बाबा माझ्याकडे बघत होते. मी खिडकीकडे.

६ तारीख

बाबा ते बाबाच! वाचा गेली, पण चाळीस वर्षं फरश्या बसवल्यात. सहज दाखवायला चकती नेली होती. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, नाक मुरडलं आणि डाव्या हाताने पाटीवर लिहिलं — 'गुळगुळीत. घसरणारच.'

अरे देवा!! लगदा पसरत नव्हता, पोलादावरून घसरत होता! म्हणून थर एवढा पातळ. जीभ कुठे अशी गुळगुळीत असते? तीन महिने मी पोलादाची जीभ मोजत बसले! साहेबांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "एवढे शिकलेले आपण, आणि कुणाच्या डोक्यात येऊ नये?"

७ तारीख

दोन्ही चकत्यांना जिभेसारखा खरखरीत काचकागद चिकटवला. नऊ नंबर: १.९! खोटं पकडलं! आता नव्याने सुरुवात.

१० तारीख

चौदा नंबर. काचकागदावर ०.८! परत ०.८! तिसऱ्यांदाही ०.८! आईला फोन केला. म्हणते, "ते मिलिमीटर राहू दे, तू जेवलीस का?" नाही जेवले. भूक कुणाला आहे!

१२ तारीख

चौदा नंबर बाबांना दिला. सगळाच्या सगळा टाळूला. "जीभ हललीच नाही," चमचेताई म्हणाल्या. "उद्या शेवटचं बघू. नाहीतर परवा नळी घालू या." फुगा तर बाबांनी कालसुद्धा दाबला होता! आकडे बरोबर, चकत्या बरोबर. मग चुकतंय कुठे? जिन्यात बसून रडले.

१३ तारीख, सकाळ

बाबांनी तोंडच उघडलं नाही. "काका, एकच चमचा," ताईंनी विनवलं. मी विनवलं. आई रागावली. शेवटी बाबांनी माझ्या हातातून चमचा ओढून घेतला आणि माझ्याच तोंडाशी धरला. डोळे वटारून. लहानपणी औषध देताना वटारायचे तसेच.

खाल्लं. ई! भिजलेला पुठ्ठा! वर कडू! चौदा नमुने केले, एकही जिभेवर ठेवून बघितला नव्हता मी. माझं तोंड बघून बाबा हसले — वाकडे, पण हसले!

जोर होताच, असल्या चवीला बाबा जीभ हलवतच नव्हते! धावत प्रयोगशाळेत. चव घातली तर थर बिघडेल का? साखर, लिंबू, ताईंना विचारूनच. पुन्हा मोजलं: ०.८. जाते.

१३ तारीख, दुपार

सहा चमचे. टाळू स्वच्छ. उद्याची नळी रद्द. सातव्यासाठी बाबांनी पाटीवर लिहिलं — 'मीठ'.