अगदी फोटो

रवि., १० नोव्हें.
मुलुंडच्या शाळेतलं रांगोळी प्रदर्शन संपलं. माझी: भाजीवाली म्हातारी. दोरीपलीकडून लोक दिवसभर एकच म्हणत होते, "अगदी फोटो!" एकाने तर विचारलं, छापून चिकटवलाय का. कुठला क्लास नाही, गुरू नाही. बोटं आणि डोळे, बस.
दुपारी एक मुलगी खूप वेळ वाकून बघत होती. केतकी, चित्रकार. अंधेरीला चार-पाच जण मिळून स्टुडिओ चालवतात. "काका, फोटोसारखीच आहे." मी थँक्यू म्हटलं. ती जरा अवघडली. मग म्हणाली, महिनाअखेर स्टुडिओ सगळ्यांना खुला असतो, मधली फरशी रिकामी आहे, काढाल? काढीन म्हटलं.
पण अवघडली का?

रवि., १७ नोव्हें.
अंधेरी. परबही आला. प्रदर्शनात त्याची रांगोळी कायम माझ्या शेजारी, त्यामुळे भांडणंही शेजारचीच. स्टुडिओ म्हणजे जुन्या कारखान्याचा गाळा. एका कॅनव्हासवर माणसाला डावा कान नाही. काढणाऱ्याला विचारलं. म्हणे, "दिसला नाही." मला दिसला असता.
केतकीने विचारलं, समोर माणूस बसवून कधी केलंय? "माणूस हलतो," मी. "हो ना!" जणू तेच हवं होतं. मग हळूच, "हात भारी आहे तुमचा, काका. पण त्या म्हातारीला फोटो काढणाऱ्याने पाहिलंय. तुम्ही नाही."
चहा अर्धा टाकून निघालो. परब वाटेत, "खरां बोलला ता चेडू." त्या पोरीचीच बाजू! परबशी बोलणं बंद. (घाटकोपरपर्यंत.)

सोम., १८ नोव्हें.
म्हातारीचा फोटो भाच्याने माहुलच्या बाजारात काढलेला. त्या बाईला मी भेटलेलो नाही. खरंच नाही.
दुपारी केतकीला फोन केला. समोर बसवूनच काढणार. सौ.ला अजून सांगायचंय.

शनि., २३ नोव्हें.
सांताक्रूझची एक गॅलरी. एसी इतका की रांगोळी असती तर वाट लागली असती. भिंतीवर पेन्सिलने काढलेली पाठमोरी बाई. नाक नाही, डोळे नाहीत, तरी कळतं की वैतागलीये. नुसत्या मानेवरून! बराच वेळ उभा. वॉचमन म्हणाला, "साहेब, इथे एवढं कोणी थांबत नाही." फ्रेम मात्र उजवीकडे झुकलेली. सांगून सरळ करून घेतली.

रवि., २४ नोव्हें.
सराव. सौ. समोर खुर्चीत.
"हलू नको."
"कुकर लावलाय. विहारात बुद्धपौर्णिमेला काढता तेच बरं, भगवान हलत तरी नाहीत."
तिची उजवी भुवई मध्येच तुटलेली आहे, बारीकशी. कधीपासून, विचारलं.
"लहानपणापासून. लवकर विचारलंत."
नाक तीनदा पुसलं. जमलं नाही. तरी मजा आली, का ते माहीत नाही.

शुक्र., २९ नोव्हें.
रजा टाकली. स्टुडिओतले पंखे सकाळीच बंद करायला लावले, पोरं घामाघूम. शिस्त म्हणजे शिस्त. तुटक्या भुवईपासून सुरुवात, डावीकडून उजवीकडे. सौ. सकाळी भडकलेली, बसमध्ये उभं राहून यावं लागलं. जेवणानंतर केतकीने तिला माहेरच्या गोष्टींवर आणलं, मग काय, थांबेचना. मी आपला चिमूट सोडत गेलो, जे दिसेल ते.
संध्याकाळी उभा राहून बघितलं. अर्धा चेहरा रागावलेला, अर्धा हसू दाबणारा. ओठ मध्यावर जुळतच नाहीत.
परब कमरेवर हात ठेवून, "मेल्या, एकाच अंगात दोन बायलो घातलंस!"
केतकी, "प्लीज हात लावू नका, काका."
मी म्हटलं, चूक ती चूक. उद्या लोक येणार, नाव माझं आहे. तासाभराचं काम, सकाळी लवकर येऊन करतो.
सौ. रांगोळीभोवती फिरून आली. "सकाळी चिडले होते, नंतर नव्हते. चूक कुठे आहे?"
मी रंगाच्या पुड्या बांधायला घेतल्या.

शनि., ३० नोव्हें.
स्टुडिओत सगळ्यांच्या आधी आम्ही दोघं, काल केतकीकडून किल्ली घेतली होती, मागच्या दाराने आलो. बाकावर बसून लिहितोय. उजेड चांगला आहे. ओठाचा रंग चाळून वाटीत तयार. भुवई झकास उतरलीये, ती कोणी नाकारणार नाही. ओठ बघितला की हात शिवशिवतो. डोळे बघितले की थांबतो.
सौ.ने कालचीच साडी नेसली आहे, मी न सांगता. "बसू का परत?" म्हणाली.
बस म्हटलं.
खुर्चीत बसली, पदर नीट केला, माझ्याकडे बघितलं. आज चेहरा तिसराच आहे.
केतकी आली. शटर वर करतेय.